उचल घेतलेला नेता आणि शीलाचा प्रश्न

बीड जिल्ह्यात नेत्याबद्दल दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तो कोणत्या जातीचा? आणि त्याच्यामागे माणसं किती? तो माणूस कसा आहे, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच तर "राजकारणात शील बघून चालत नाही, कामं करून देणारा पाहिजे" असे उत्तर मिळते. दुर्दैवाने हे उत्तर आता आमच्या चळवळीतले तरुणही देऊ लागले आहेत. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्याची किंमत याच जिल्ह्याने मोजली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

६ डिसेंबर २०२४. महापरिनिर्वाण दिन. देशभरातून आलेला भीमसागर चैत्यभूमीवर नतमस्तक होत होता. त्याच दिवशी केज तालुक्यातील मस्साजोगजवळ पवनचक्की कंपनीच्या आवारात एका सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. तो रक्षक दलित समाजातला. गावचे सरपंच संतोष देशमुख मराठा समाजातले. ते तिथे गेले आणि मध्ये पडले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचे अपहरण करून क्रूरपणे हत्या करण्यात आली. कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्यामुळे ही हत्या झाली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आम्हाला बोलायचे आहे ते ६ डिसेंबरच्या त्या एका निर्णयाबद्दल.

देशमुखांना जाणे टाळता आले असते. पोलीस बघून घेतील, असे म्हणता आले असते. मार खाणारा आपल्या जातीचा नाही, असा हिशेबही करता आला असता. आपल्याकडे कितीतरी पुढारी रोज हाच हिशेब करतात. तो त्यांनी केला नाही. अशा वेळी माणूस पक्षाचा जाहीरनामा उघडून बघत नाही. आयुष्यभर आत जे साठवले असेल तेच बाहेर येते. त्यालाच आम्ही शील म्हणतो.

पुढे काय झाले? न्यायासाठी मोर्चे निघाले, ते योग्यच होते. पण बघता बघता प्रकरणाला मराठा विरुद्ध वंजारी असे रूप दिले गेले. आरोपींच्या जातीवरून एक अख्खा समाज दोषी धरणे हा अन्याय आहे. आणि ज्याच्या अंगावर हात पडला म्हणून सरपंच धावले, तो रक्षक या गदारोळात कुठे राहिला? आम्ही आंबेडकरवादी म्हणवणाऱ्यांनी तरी त्याची किती आठवण ठेवली? जातीच्या चष्म्यातून पाहिले की चांगल्या माणसाचे चांगले कामही नीट दिसत नाही.

आता दुसरी बाजू. या प्रकरणातील प्रमुख आरोपी हा तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय म्हणून जिल्ह्याला माहीत होता. मंत्र्यांचा राजीनामा आला ४ मार्च २०२५ रोजी, म्हणजे हत्येनंतर जवळजवळ तीन महिन्यांनी आणि हत्येचे छायाचित्रे उघड होऊन राज्य हादरल्यावर. मंत्र्यांनी गुन्हा केला, असे आम्ही म्हणत नाही. पण नैतिक जबाबदारी ओळखायला छायाचित्रांची वाट पाहावी लागत असेल, तर त्या राजीनाम्यात नैतिक ते काय उरले?

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपद सोडले, तेव्हा त्यांच्यावर कोणता आरोप होता? कोणताही नाही. हिंदू कोड बिल बाजूला टाकले गेले, मागासवर्गीयांकडे दुर्लक्ष होत होते, आणि अशा मंत्रिमंडळात बसणे त्यांच्या मनाला पटेना. १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत ते नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. पण खुर्ची मिळावी म्हणून विचार गहाण ठेवला नाही.

गहाण शब्द बीडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दरवर्षी इथले लाखो ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसते. मजूर ती पोटासाठी घेतो, त्यात त्याचा दोष नाही. पण राजकारणातही उचल असते. महामंडळ, ठेका, गाडी, तिकिटाचे आश्वासन. ती आमचा नेता हौसेने घेतो. मग वस्तीवर हल्ला झाला की तो आधी आपल्या मुकादमाकडे बघतो. त्याचा निर्णय उचल घेतली त्याच दिवशी झालेला असतो.

"कामं करून देणारा" नेता आपल्याला हवा असतो, कारण कामे हक्काने होत नाहीत. पण अशा नेत्यामुळेच हक्काचे काम उपकार बनते आणि आपण त्याचे मिंधे होतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला, तो यासाठीच.

म्हणून मित्रहो, सुरुवात आपल्यापासून करू. विहारात पंचशील म्हणायचे आणि जयंतीच्या बॅनरवर वाळूमाफियाचा फोटो छापायचा, हे थांबवले पाहिजे. जयंतीची वर्गणी कोणाकडून घेतली, किती घेतली, कशावर खर्च केली, याचा हिशेब वस्तीसमोर ठेवा. जो कार्यकर्ता पाच हजारांचा हिशेब देत नाही, तो उद्या आमदार झाल्यावर देईल का? आणि नेता निवडताना एवढेच विचारा की स्वतःचे नुकसान होणार हे दिसत असताना हा माणूस कधी कोणासाठी उभा राहिला का? आपल्या जातीबाहेरच्या माणसासाठी राहिला का?

मस्साजोगच्या सरपंचाने त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी दिले. आमच्या नेत्यांना ते कधी द्यावे लागेल, सांगता येत नाही. आम्ही मात्र प्रश्न विचारायला आजच सुरुवात केली पाहिजे.

जय भीम!