परसबाग : वैशाखांतील पाण्याचा हिशेब

वैशाखांत बागेविषयीं लिहावयाचें म्हणजे फुलांच्या याद्या द्यावयाच्या, असा एक प्रघात आहे. ज्यांच्या आडास बारमाही पाणी आहे त्यांना तो शोभतो. आमच्या धाराशिव जिल्ह्याची गोष्ट निराळी. बालाघाटाचें हें पठार सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेलें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जें काय पडेल तेंच बहुतेक वर्षभर पुरवावयाचें. चैत्र सरतां सरतां विहिरी तळ दाखवूं लागतात, काळ्या जमिनीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि काय लावावें ह्यापेक्षां काय जगवावें हाच प्रश्न घरच्या कर्त्या बाईसमोर उभा राहतो. ह्या महिन्याचीं कामें त्या प्रश्नाच्या अनुरोधानेंच सांगणार आहें.

हा धडा मी २०१६ च्या उन्हाळ्यांत शिकलें. शेजारचें लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें. त्या लातुरास त्या वर्षीं मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें; १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून पांच लाख लिटर पाणी होतें. आमच्याकडे आठवड्यांतून एकदां टँकर येई. घरांत लहानथोर अकरा माणसें. पिण्याचें, स्वयंपाकाचें व देवाचें पाणी बाजूस काढल्यावर झाडांच्या वाट्यास दिवसाकाठीं दोन बादल्या उरत. त्या मी मोगऱ्यास घातल्या. तो ऐन बहरांत होता. संध्याकाळीं त्याच्या वासानें ओटा भरून जाई, आणि फुललेल्या झाडास तहानलेलें ठेवणें मला क्रूरपणाचें वाटे. परसाच्या कोपऱ्यांत कै. मामंजींनीं लावलेली नऊ वर्षांची कागदी लिंबोणी होती. तिचीं पानें दुपारीं मिटत, पुढें तीं सकाळींही मिटलेलीं दिसूं लागलीं, तरी मी मनावर घेतलें नाहीं. मृगाचा पाऊस आला तेव्हां तिच्या फांद्या हातांत कडकड मोडल्या. सासूबाई मला एका शब्दानेंही बोलल्या नाहींत. त्या वर्षीं त्यांनीं लिंबाचें लोणचें घातलें नाहीं, इतकेंच.

मोगरा वाळला असता तरी शेजारणीकडची एक फांटी आषाढांत खोवून पुन्हां मिळाला असता. लिंबोणीस फळ धरावयास चार-पांच वर्षें लागतात. तेव्हांपासून आमच्या घरीं नियम झाला : जें झाड एका पावसाळ्यांत परत मिळणार नाहीं त्यास पाणी आधीं. पहिला मान तीन वर्षांच्या आंतील फळझाडांचा, कारण त्यांचीं मुळें अजून खोल गेलेलीं नसतात. मागून मोठी लिंबोणी, चिक्कू, डाळिंब. मग कढीपत्ता, जास्वंद, मोगरा. सर्वांत शेवटीं हंगामी फुलें व भाजीचे वाफे. पाणी अगदींच तुटलें तर वाफे खुशाल सोडून द्यावेत. जुना कडुलिंब व चिंच स्वतःचें पाहतात. त्यांच्या बुंध्याशीं बादली ओतणें व्यर्थ होय.

पाणी कोणास द्यावें हें ठरलें, कीं तें कसें द्यावें हा पुढचा विचार. उन्हाळ्यांत वरून ओतलेलें पाणी पुष्कळसें ऊनच पिऊन टाकतें. ह्यावर उपाय मडक्याचा. चैत्र वद्य त्रयोदशी ही तेरच्या गोरोबाकाकांची पुण्यतिथि, आणि पाठोपाठ अक्षय्य तृतीयेस उदककुंभाचें दान करावयाचें. त्यामुळें ह्या दिवसांत घरांत मातीचीं मडकीं येतातच. त्यांबरोबर परसासाठीं दोन-चार अधिक घ्यावीं. मातीचें, न लकाकणारें मडकें गळ्यापर्यंत जमिनींत पुरून पाण्यानें भरलें म्हणजे त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपतें. भोंवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी अधिक ओढून घेते, ओली असेल तर झिरपणें आपोआप मंदावतें. युक्ति फार जुनी आहे. चीनमध्यें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वी फान शेंगझी ह्या कृषिपंडितानें ती आपल्या ग्रंथांत वर्णिली आहे.

गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं पारखलीं ती कथा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या मडक्याची पारख सोपी. रात्रीं भरून ठेवावें. सकाळीं बाहेरचें अंग हातास ओलसर लागलें तर कामाचें, कोरडें राहिलें तर निरुपयोगी. कांठ फुटका असला तरी चालेल, बूड धड असावें. बोअरच्या जड पाण्यानें छिद्रें क्षारांनीं बुजतात, म्हणून वर्षाकाठीं एकदां काथ्यानें आंतबाहेर घांसून काढावें. लहान रोपास एक मडकें हातभर अंतरावर पुरे. मोठ्या लिंबोणीस चार लागतात, व तीं बुंध्याशीं न पुरतां फांद्यांच्या घेराच्या कडेस पुरावीं. पाणी पिणारीं बारीक मुळें तिकडे असतात. कांठ जमिनीच्या दोन बोटें वर ठेवून तोंडावर सपाट दगड ठेवावा, म्हणजे पाणी उडत नाहीं व डांस अंडीं घालीत नाहींत. आमच्या परसांत सहा लिटरांचें मडकें दोन-तीन दिवस पुरतें.

जोडीस आणखी चार कामें. भेगा पडलेल्या आळ्यांत वरवर खुरपणी करून त्या बुजवाव्या; ‘एक कोळपणी, अर्धें पाणी’ ही शेतकऱ्यांची म्हण परसासही लागू आहे. वर उसाचें पाचट, सोयाबीनचें भुसकट किंवा वाळला पालापाचोळा चार बोटें जाडीचा पसरावा, मात्र बुंध्यापासून वीतभर दूर, नाहींपेक्षां वाळवी लागते. पश्चिमेचें ऊन सोसणाऱ्या कोंवळ्या खोडांस चुना लावावा. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेलें पाणी एका बादलींत जमवून झाडांस द्यावें; साबणाचें देऊं नये, आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून वाया जाणारें पाणी क्षारयुक्त असल्यामुळें तें फरशी पुसण्यास वापरावें.

तुळशीचा हिशेब वेगळा. वैशाखांत शिवाच्या पिंडीवर व तुळशीवर गळती लावण्याची चाल आहे. बारीक छिद्राच्या पात्रांत सुताची वात घालून थेंब थेंब पाणी सोडणें हें झाडाच्या दृष्टीनेंही उत्तमच. वृंदावनाची माती भिजून खालीं पाणी ओघळूं लागलें, कीं वात घट्ट करावी. तुळशीस दलदल सोसत नाहीं.

वैशाखाच्या उत्तरार्धांत नव्या झाडांचे खड्डे खणावे : आंब्यास तीन फूट लांब, रुंद व खोल, लिंबोणीस दोन फूट. वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस टाकून खड्डा तीन-चार आठवडे उन्हांत तापूं द्यावा. किडींचीं अंडीं व बुरशी त्यानें बऱ्याच अंशीं नाहींशी होते. घरांत लहान मुलें असतील तर खड्ड्याभोंवतीं कांटेरी कुंपण घालावें. मागाहून वरची माती व कुजलेलें शेणखत मिसळून तो भरून घ्यावा. वळवाच्या एखाद्या सरीनें भुलून रोप लावूं नये. ७ जूनच्या सुमारास मृग निघतो, तरी ओल हातभर खालीं गेल्याखेरीज लागवड करणें म्हणजे रोप फुकट घालवणें.

२०१७ च्या पावसाळ्यांत जुन्या जागेपासून चार हात सरून आम्हीं नवी लिंबोणी लावली. घरांतील प्रत्येक मुलास एकेक मडकें नेमून दिलें; भरण्याची आठवण त्यांना करावी लागत नसे, उलट आपलें मडकें आधीं रिकामें झालें ह्याचीच चढाओढ लागे. पांचव्या वर्षीं फळ धरलें. त्या दिवशीं सासूबाईंनीं माळ्यावरची बरणी उतरवली, धुतली आणि उन्हांत ठेवली.