बाविसाचा घोळ

"अगं, होते सवय!" अमेरिकेत आल्यावर मैल, गॅलन, पौंड बघून मी कुरकुरले की जो तो हेच सांगायचा. झाली सवय. आणि तीच नडली.

त्या रात्री लेकाला १०२ ताप. आईने पुण्याहून आणलेलं औषध काढलं आणि विचारलं, "वजन किती गं याचं?" मी अर्धवट झोपेत म्हटलं, "बावीस." औषधाचा डोस किलोवर! २२ पौंड म्हणजे जेमतेम १० किलो. आईच थबकली, "एवढासा जीव, आणि बावीस किलो?" म्हणून दुपटीहून जास्त डोस टळला.

मंगळाकडे धाडलेलं नासाचं यान १९९९ मध्ये याच घोळात गेलं. एकांचे आकडे पौंडात, दुसऱ्यांचे न्यूटनमध्ये. तरी मेट्रिक इथे १९७५ च्या कायद्यापासून ऐच्छिकच!

पण मंडळी, आपणही फार हसू नये. भारतात मेट्रिकचा कायदा १९५६ चा. तरी फ्लॅट स्क्वेअर फुटात, जमीन गुंठ्यात, मुलाची उंची फुटात. आणि माझा तो १०२ सुद्धा फॅरनहाइटच की!

"जुनी मापं म्हणजे संस्कृती" म्हणणाऱ्यांनो, पोहे खुशाल माणशी मूठभर घ्या. मूठ चुकली तर फार तर पोहे उरतील. पण जिथे चूक जिवावर बेतते तिथे एकच माप हवं, आणि सवय त्याचीच लावून घ्यायला हवी.

आमच्या फ्रीजवर आता कागद आहे: वजन १० किलो. पौंड मुद्दामच लिहिलेले नाहीत.