मोतीची शू आणि आमची शिकवणी

वाचकहो, गेले चार महिने आमच्या घरात 'शू' हा एकच विषय आहे. चहा घेताना शू, जेवताना शू, आणि ऑफिसात मीटिंग चालू असताना सौ.चा फोन आला तर तोही, "अहो, झाली! बाहेर झाली!" अशी आनंदवार्ता द्यायला. कारण इतकेच, की घरात शिह त्झू जातीचे कुत्र्याचे पिल्लू आले आहे. चिनी भाषेत या नावाचा अर्थ सिंह. पण मराठी कानाला त्या नावात जे ऐकू येते, तेच खरे निघाले.

कन्येने चार वर्षे धोशा लावला होता. कुत्रा आम्हांला नवा नव्हता. साताऱ्याला आमच्या घरीही होता, पण तो अंगणातला. उंबरठा ही त्याची लक्ष्मणरेषा. त्याने कुठे काय करावे हे त्याला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. अंगण, बोळ नि उकिरडा सगळे त्याचेच होते. इथे ब्रॅकनेलला आमच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आणि त्याच हॉलच्या कोपऱ्यात देव. तेव्हा प्रश्न कुत्र्याचा नव्हता, कार्पेटचा होता.

इंग्लंडात एप्रिल २०२० पासून 'लूसीज लॉ' नावाचा कायदा आहे. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू दुकानदाराला किंवा दलालाला विकता येत नाही. ज्याच्या घरी ते जन्मले तिथे जाऊन, आईजवळ असताना बघून घ्यायचे (नाहीतर सरळ संस्थेतून दत्तक). आम्ही तिघे गेलो ते अगदी मुलगी बघायला गेल्यासारखे. फक्त कांदेपोहे नव्हते. दोन महिन्यांचे, कापसाच्या बोंडासारखे ते पोर बघितल्यावर कन्येला 'बिस्किट' नाव हवे होते, आम्हांला 'मोती'. पैसे आम्ही दिले म्हणून 'मोती' ठरले. शेजारच्या इंग्रज आजीबाई त्याला 'मोटी' म्हणतात, पण त्याची त्याला हरकत दिसत नाही.

आता आम्ही पडलो इंजिनिअर. मोती यायच्या आधीच फ्रिजवर तक्ता लावला. वेळ, खाणे, पाणी, शू, शी, स्थळ. पहिल्या आठवड्यात 'स्थळ' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'हॉल' होते. एकदा तर 'देवासमोर' असेही लिहावे लागले.

मग आम्ही तेच केले जे लहानपणी पाहिले होते. कार्पेटवर ओले दिसले की मोतीला उचलून तिथे न्यायचे, नाक त्या डागाजवळ धरायचे आणि आवाज चढवायचा. मोती कान पाडून, मान खाली घालून बसे. सौ. म्हणे, "बघा, त्याला कळतंय सगळं." आम्हांलाही तसेच वाटे. आठवडाभरात हॉलमधले डाग बंद झाले. तक्ता स्वच्छ. आम्ही खूश.

मग एका शनिवारी व्हॅक्यूम करताना सोफा सरकवला. पुढचे वर्णन दिवाळी जवळ आली असल्यामुळे करीत नाही.

कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, तो शिकला की. घरात करायची नाही असं नाही शिकला, तुझ्यासमोर करायची नाही असं शिकला."

आम्ही ऑफिसात कंट्रोल सिस्टिम्सचे काम करतो. फीडबॅक उशिरा पोचला की यंत्र सुधारत नाही, उलट बिघडते, हे आम्ही नव्या पोरांना शिकवतो. आणि घरी अर्ध्या तासापूर्वीच्या डागासाठी आता ओरडत होतो. पिल्लाच्या लेखी शू आणि ओरडा यांचा संबंधच नव्हता. संबंध होता तो बाबा आणि ओरडा यांचा. त्या 'अपराधी' चेहऱ्याचीही तीच गत. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी २००९ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊ खायचा नाही असे कुत्र्याला बजावून मालकाने खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर काही मालकांना खरे सांगितले, काहींना खोटेच सांगितले की कुत्र्याने खाऊ खाल्ला. तो पडलेला चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. कुत्र्याने खाल्ले होते की नाही, याने फरक पडला नाही. म्हणजे आमच्या मोतीला लाज वाटत नव्हती. भीती वाटत होती.

रविवारी साताऱ्याला व्हिडिओ कॉल झाला. आईला कुत्र्याचे प्रकरण आधीच पसंत नव्हते, त्यात देवासमोरची हकिकत कन्येने सांगून टाकलेली. आम्ही बोलणी खायच्या तयारीने बसलो. आई म्हणाली, "अरे, दोन महिन्यांचं पोर ते. तुला काय मी ओरडून शिकवलं होतं? झोपेतून उठलास की पायांवर धरायचं, दूध प्यायलास की धरायचं, आणि 'शूऽऽ' म्हणायचं. झाली की 'शहाणं गं माझं बाळ' म्हणायचं. नाही झाली तर थोड्या वेळानं परत धरायचं. यात इंजिनिअरिंग काय आहे?"

नंतर इथल्या व्हेटच्या नर्सने जे सांगितले ते शब्दशः हेच निघाले. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचे. रोज तीच जागा, तोच एक शब्द. झाली की त्याच क्षणी, तिथेच, कौतुक आणि खाऊ. घरात येऊन दिला तर त्याला वाटते घरात आल्याबद्दल मिळाला. चुकून घरात करताना दिसलाच तर न ओरडता उचलून बाहेर. आणि डाग नंतर सापडला तर मुकाट्याने पुसायचा. तोही अमोनियाच्या औषधाने नाही, कारण तो वास त्याला शूसारखाच वाटतो. एन्झाइमवाली बायॉलॉजिकल वॉशिंग पावडर पाण्यात घालून पुसले की वासाचा मागच राहत नाही (कार्पेटच्या कोपऱ्यात आधी रंग उडतो का ते पाहावे, आम्ही पाहिले नाही).

लहान जातीची एक जास्तीची अडचण असते. पिल्लू जितक्या महिन्यांचे, फार तर तितके तास ते दिवसा थांबू शकते असा ढोबळ हिशेब सांगतात. पण एवढ्याशा कुत्र्याची पिशवीही एवढीशी, त्यामुळे त्याहून लवकरच न्यावे लागते. शिवाय त्याचे तळे चमचाभर, म्हणून माणसे दुर्लक्ष करतात आणि सवय लागून जाते. आम्ही शूचे पॅडही पसरले होते. त्यातून तो एवढेच शिकला की पायाला मऊ लागले की चालते, आणि गालिचाही मऊच. पॅड काढून टाकले. रात्री त्याचे अंथरूण आमच्या पलंगाशेजारी पिंजऱ्यात घातले. झोपायची जागा कुत्रा शक्यतो घाण करीत नाही. तो कुईकुई करतो आणि आम्ही उठतो.

उठतो म्हणजे पहाटे तीनला, पावसात. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय २००३ पर्यंत आमच्या ब्रॅकनेललाच होते. ते एक्सेटरला गेले, पाऊस मात्र इथेच ठेवून गेले. मोतीच्या पोटाला ओले गवत लागते, म्हणून तो पाऊल टाकायला तयार नसतो. वाचकहो, एका हातात छत्री, अंगात ड्रेसिंग गाऊन, आणि पंचेचाळिशीचा एम.एस्सी. झालेला गृहस्थ अंधारात हळू आवाजात "शूऽऽ, बाळा, शूऽऽ" म्हणतो आहे, हे दृश्य शेजारच्या आजीबाईंनी खिडकीतून पाहिले आहे. आता त्याही कुंपणापलीकडून "शूऽऽ" म्हणतात.

एवढ्यावर हा लेख संपला असता. पण मागच्या महिन्यात कन्येच्या शाळेत पालकांची संध्याकाळ होती. तिथे कळले की मॉक परीक्षेत तिला गणितात चार मिळाले, नवांपैकी. आणि हा निकाल तिच्या हातात येऊन तीन आठवडे झाले होते. इंजिनिअरची मुलगी आणि गणितात चार! गाडीत आम्ही तोंड उघडणार, तोच सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सोफ्याच्या मागे गेली ती."

घरी येईपर्यंत आम्ही एक अक्षर बोललो नाही. मागच्या वर्षी फिजिक्सच्या मार्कांवरून आम्ही जेवणाच्या टेबलावर काय काय बोललो होतो, तेच आठवत होतो.

रात्री मोतीला बाहेर काढायची वेळ झाली तेव्हा कन्या आपण होऊन जॅकेट घालून आली. बागेत तिघे उभे. मोती गवत हुंगत होता. ती अंधाराकडे बघून म्हणाली, "बाबा, मला ट्रिग कळतच नाहीये. खूप दिवसांपासून."

आमच्या तोंडाशी काय काय आले होते ते लिहीत नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "सांगितलंस ते बरं केलंस. उद्यापासून बसू या का?" ती "हं" म्हणाली. तेवढ्यात मोतीने आपले काम केले, आणि दोघांनी मिळून त्याला "शहाणं गं माझं बाळ" म्हटले.

मोती आता सहा महिन्यांचा आहे. गेल्या तीन आठवड्यांत तक्त्यावर फक्त एकदा 'हॉल' आहे, आणि तेव्हा दार उघडायला आम्हांलाच उशीर झाला होता. ट्रिगनॉमेट्री अजून अधूनमधून कार्पेटवर होते. पण सोफ्यामागे काही सापडलेले नाही. आम्ही दर शनिवारी सरकवून बघतो.

मोती दाराशी जाऊन आमच्याकडे बघतो आहे. तेव्हा आज इथेच थांबतो.