मांडवात फिरणारी पाटी

मिक्सर म्हटला की आपल्या घरांत खोबऱ्याची चटणी आठवते आणि टॅबलेट म्हटली की औषधाची गोळी. परंतु शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील नाटक, भजन किंवा लग्नाचा स्वागतसमारंभ असेल तेथे ह्या दोन्ही शब्दांना अलीकडे निराळाच अर्थ आलेला आहे. माइक अनेक असतात, कर्णे मात्र दोन किंवा चार. अनेकांचे आवाज एकत्र करून, कोणाचा किती ऐकू जावा, कोणाचा जाडपणा कमी करावा, कोणाची धार वाढवावी हे ठरवून जे यंत्र तो आवाज कर्ण्यांकडे पाठविते, तो हा मिक्सर. आणि टॅबलेट म्हणजे शाळकरी पाटीएवढा तो काचेचा संगणक, ज्यावर बोट फिरवून आता तो मिक्सर चालविता येतो. सोयीसाठी मी तिला ह्या लेखात पाटीच म्हणणार आहे.

जुना मिक्सर ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचे टेबल आठवेल. त्यावर खुंट्यांच्या ओळीच्या ओळी, खाली वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फेडर, आणि मागून निघालेला तारांचा जाड जुडगा. शहरातील मोठ्या नाट्यगृहांत हे टेबल प्रेक्षकांच्या मधोमध मांडण्याची पद्धत आहे. गावच्या मांडवात मात्र ते रंगमंचाच्या बाजूला, कर्ण्याच्याही मागे, कनातीच्या आडोशाला असते. कारणे साधी आहेत. तार आखूड असते, लांब टाकली तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येते, आणि मधली जागा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे हजार माणसांनी काय ऐकावे हे ठरविणारा मनुष्य नेमका अशा जागी बसतो, जेथून त्या हजारांपैकी एकही जण ऐकत नाही! त्याला ऐकू येतो तो कर्ण्याच्या पाठीचा घुमार. शेवटच्या रांगेतील आजीबाईंना कथेतील शब्द कळतो की नाही हे त्याला कळावे तरी कसे?

कर्णे नव्हते त्या काळी हा प्रश्नच नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि कर्नाटकात गुब्बी नाटक कंपनी १८८४ साली स्थापन झाली, तेव्हा नटाचा कंठ आणि नाटकगृहाची बांधणी ह्यांवरच सारी मदार होती. गाणारा स्वतःच्या कानांनी प्रेक्षागृहाचा अंदाज घेई, आणि आवाज पोहोचला नाही तर पुढे येऊन गाई. १९१५ साली अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्को येथे पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम ह्यांनी विजेच्या कर्ण्यावरून मोठ्या जमावाला आवाज ऐकवून दाखविला, त्यानंतर हे चित्र बदलू लागले. गाणाऱ्याचा आवाज आणि ऐकणाऱ्याचा कान ह्यांच्या मधे एक तिसरा मनुष्य येऊन बसला. तिसऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही. आवाज चांगला असला तर गायकाची वाहवा होते आणि वाईट असला तर माइकवाल्याचा उद्धार.

मिक्सर अंकांच्या भाषेत काम करू लागला तो १९८० नंतरच्या दशकात. जपानच्या यामाहा कंपनीने १९८७ साली 'डीएमपी-७' हा आठ वाहिन्यांचा अंकीय मिक्सर बाजारात आणला. माइकमधून आलेल्या आवाजाच्या लहरीचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घ्यावयाचे (आज ४८,००० वेळा घेणे ही रूढ रीत आहे), त्या आकड्यांवर गणित करावयाचे आणि उत्तराचे पुन्हा लहरीत रूपांतर करावयाचे, असा हा प्रकार. एकदा आवाजाचे आकडे झाले की खुंटी फिरविणे म्हणजे एक आकडा बदलणे, आणि आकडा बदलण्यास माणसाने यंत्राजवळच बसले पाहिजे असे नाही. २०१२ साली मॅकी कंपनीच्या 'डीएल-१६०८' ह्या मिक्सरने हे उघड करून दाखविले. त्यात आयपॅड बसविण्याची खाच होती, आणि तो उचलून घेऊन खुशाल चालू लागावे अशी योजना होती. पुढे बेहरिंगर, साउंडक्राफ्ट इत्यादी कंपन्यांच्या अशा पेट्या आल्या की ज्यांवर आवाज मिसळण्याच्या पट्ट्याच नाहीत. रंगमंचाच्या कडेला पेटी ठेवावयाची, माइकच्या तारा तेथेच जोडावयाच्या, आणि बाकीचा कारभार वाय-फायवरून पाटीवर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की आवाज ह्या पाटीतून जातो. तसे नाही. आवाज माइकमधून पेटीत आणि पेटीतून कर्ण्यात जातो. पाटी केवळ हुकूम देते. तेव्हा पाटीची बॅटरी संपली किंवा ती हातातून पडून फुटली, तरी गाणे थांबत नाही. शेवटचा हुकूम जसा होता तसा आवाज चालू राहतो. बदल तेवढा करता येत नाही.

म्हैसूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरांवर हेग्गडदेवनकोटे आहे, लोक त्यास एच. डी. कोटे म्हणतात. कबिनीचा जलाशय ह्याच भागातला, आणि नागरहोळे व बंडीपूरची अरण्ये लगतच. आवाजाशी ह्या मुलुखाचे नाते जुने आहे. काकनकोटेच्या जंगलात १९७१ सालापर्यंत खेड्डे होत, आणि त्यांत ढोल व आरोळ्या ह्यांच्या धाकाने हत्तींचे कळप खोड्याकडे हाकीत नेले जात. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या म्हैसुरात प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ साली आपल्या घरातून लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले. तेच नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले. आता तालुक्याच्या परिसरात सरगूर येथे 'जनध्वनी' हे सामुदायिक नभोवाणी केंद्रही आहे.

ह्या भागातील एका शाळेच्या संमेलनात पाहिलेली गोष्ट सांगावीशी वाटते. मैदानात मांडव, समोर सतरंज्यांवर मुले, त्यांच्या मागे खुर्च्या, आणि अगदी मागे, मांडवाच्या बाहेर, पाडीपाड्यांवरून आलेल्या बायका जमिनीवर बसलेल्या. मंचावर एक लहान मुलगी एकटीच गात होती. मागून ओरड झाली, "केळिसुत्तिल्ल!" म्हणजे ऐकू येत नाही. पुढे बसलेल्या मंडळींनी माना वळवून पाहिले, कारण त्यांना तर कान दुखतील इतके ऐकू येत होते. ध्वनियोजनेवरचा तरुण पाटी घेऊन उठला, बाजूने चालत मागे गेला आणि त्या बायकांजवळ जमिनीवरच बसला. क्षणभर त्याने डोळे मिटले. नंतर त्याने मुलीचा आवाज वाढविला नाही. साथीला वाजणाऱ्या की-बोर्डचा आवाज त्याने उतरविला, आणि गाण्याचे शब्द एकदम स्वच्छ झाले. जेथे तो आधी बसला होता तेथे की-बोर्ड जेमतेम ऐकू येत होता. मागे मात्र त्याचा खर्ज पसरून मुलीच्या शब्दांवर बसला होता. बाजूला बसूनच राहिला असता तर ओरड ऐकून त्याने मुलीचा माइक चढविला असता आणि कर्ण्याने लगेच शिट्टी मारली असती.

ती शिट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यात जातो, आणि हे चक्र वेग घेते. "आवाज वाढवा" ही मागणी बहुधा स्पष्टपणाची असते आणि तिचा अर्थ मोठेपणा असा घेतला जातो. माइक तोंडापासून होता त्याच्या निम्म्या अंतरावर आणला तर सहा डेसिबल फुकट मिळतात. उलट उघड्या माइकांची संख्या दुप्पट केली तर शिट्टी होण्याआधी मिळू शकणारी वाढ तीन डेसिबलांनी घटते. म्हणून समूहगीतासाठी आठ माइक मांडून आठही चालू ठेवणे हा उधळेपणाच होय. नको तो माइक नको त्या वेळी बंद करणे हे पाटीचे फार मोठे काम आहे, आणि त्यासाठी नाटकाची संहिता आधी वाचलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट मांडव भरण्याची. दुपारी रिकाम्या मांडवात आवाजाची चाचणी घेतली जाते तेव्हा तो झणझणीत आणि घुमणारा लागतो. संध्याकाळी माणसे येऊन बसली की त्यांची अंगे आणि कपडे आवाजाची धार शोषून घेतात. दुपारचे गणित संध्याकाळी चुकते ते असे. फिरता येत असेल तर ते कार्यक्रम चालू असताना दुरुस्त करता येते. मांडव लांब असून मध्यावर जादा कर्णे लावले असतील, तर तेथेही चालत जाऊनच ऐकावे लागते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर लांबच्या माणसास मंचावरचा शब्द एक दशांश सेकंदाने उशिरा पोहोचतो. तारेतून गेलेला तोच शब्द जवळच्या कर्ण्यातून मात्र तत्काळ निघतो, आणि श्रोत्यास प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. अंकीय पेटीला तो कर्णा तेवढाच उशिरा बोलावयास सांगता येते. ही सोय मला पाटीइतकीच मोलाची वाटते.

आता दोषांकडे. सर्वांत दुबळा दुवा वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या लहरींवर अनेक पेट्यांतील अंगचा वाय-फाय चालतो, त्यांवरच मांडवातील शेकडो मोबाइलही कुजबुजत असतात, आणि माणसाचे शरीर, त्यात पाणी पुष्कळ असल्याने, ह्या लहरी शोषते. दुपारी सुरळीत चाललेली पाटी मांडव भरताच अडखळू लागते, त्यात नवल नाही. स्वतंत्र राउटर घ्यावा, तो ५ गिगाहर्ट्झवर चालवावा आणि माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच खांबावर बांधावा. त्यास इंटरनेटची गरज नसते, त्यामुळे जेथे मोबाइलला धड रेंज मिळत नाही अशा रानालगतच्या गावीही हे यंत्र चालते. पासवर्ड कठीण ठेवावा. ह्याच पेट्यांत गायकवादकांना आपापल्या मोबाइलवरून स्वतःचा मॉनिटर, म्हणजे स्वतःकडे तोंड केलेला कर्णा, कमीजास्त करण्याची मुभा देता येते. परंतु मुभा तेवढ्यापुरतीच असावी, नाहीतर उत्साही तबलजी साऱ्या गावाला तबलाच ऐकवील.

दुसरा दोष बोटाचा. जुन्या टेबलावर दहा बोटे दहा पट्ट्यांवर ठेवून डोळे मंचाकडे लावता येत. काचेवर बोटाला पट्टी लागत नाही, म्हणून पाहावे पाटीकडे लागते, आणि दिवसाच्या उन्हात ती दिसतही नाही. नाटकात एकदम चार माइक उघडावयाचे असतील तर मला जुनी खुंटीच बरी वाटते. नवी पेटी प्रत्येक प्रवेशाची मांडणी स्मरणात ठेवते आणि एका स्पर्शात परत आणते हे खरे. पण दोन माइक आणि एक हार्मोनियम एवढ्या भजनासाठी ह्या थाटाची काही आवश्यकता नाही. मांडववाल्याने नवे यंत्र आहे म्हणून जादा भाडे मागितले तर इतकेच विचारावे की ते घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाणारा माणूस तुमच्याकडे आहे का? पाटी हातात घेऊन मंचाशेजारीच खुर्ची टाकून बसलेले लोकही मी पुष्कळ पाहिले आहेत.

पाटी घेऊन मांडवाबाहेरही एक फेरी मारावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे; सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देऊ शकते. मोबाइलवरील मापकाचा आकडा अंदाजाचाच समजावा, परंतु शेजारच्या घरातील तान्हे मूल झोपू शकेल का हे कळण्यास तेवढा पुरतो. एच. डी. कोटेसारख्या ठिकाणी कुंपणापलीकडे रान असते. खर्जाचा आवाज सर्वांत दूर जातो आणि हत्तींचे आपसातील पुष्कळ बोलणे माणसास ऐकू न येणाऱ्या खर्जातच चालते. भाषण आणि मुलांची गाणी ह्यांना १०० हर्ट्झखालच्या आवाजाचा काही उपयोग नाही. त्या माइकांवर तो कापून टाकावा. तबल्याच्या डग्ग्याच्या माइकवर मात्र कापू नये.

शेवटी विजेचे पाहावे. जुना मिक्सर वीज गेली की बंद पडे आणि आली की तत्क्षणी बोलू लागे. अंकीय पेटी हा संगणकच असल्यामुळे वीज क्षणभर लपकली तरी ती नव्याने जागी व्हावयास वेळ घेते, राउटर त्याहून अधिक, आणि पाटीने त्या दोघांना पुन्हा शोधून काढीपर्यंत मंचावरचे मूल गोंधळून उभे असते. पेटी आणि राउटर ह्या दोहोंपुरता लहानसा यूपीएस भाड्याच्या सामानात लिहून घ्यावा, आणि जनित्र सुरू होण्यास किती वेळ लागतो हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घड्याळ लावून पाहावे.