टोचन करण्याआधी थोडे थांबा

मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर,


अपघातातले जखमी दवाखान्यात गेले की रस्त्यावरच्या पोलिसाला घाई असते ती गाडी बाजूला घेण्याची. मागे रांग लागलेली असते. जो क्रेनवाला जवळ सापडेल तो येतो, हूक अडकवतो, एक बाजू उचलतो आणि गाडी टोचन करून नेतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला हे बहुतेक वेळा निभावून जाते. हायब्रिडला नाही.

मी एकलहऱ्यात राहतो. इथल्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यांच्या जनित्राचा रोटर नुसता फिरला म्हणून वीज होत नाही, आधी त्याला एक्सायटेशन, म्हणजे चुंबक बनवणारा वीजप्रवाह, द्यावा लागतो. हायब्रिड गाडीच्या मोटरमध्ये मात्र कायमचे चुंबक असतात. इनोव्हा हायक्रॉस किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ही मोटर पुढच्या चाकांना गिअरने जोडलेलीच राहते, न्यूट्रल टाकूनही सुटत नाही. म्हणून पुढची चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली, की बंद गाडीतही वीज तयार होऊ लागते. अपघातात केबल सोलली गेली असेल, तर त्या विजेने आग लागू शकते.

अडचण अशी, की क्रेनवाल्याला हे कळावे कसे? बॅटरीवरच्या गाड्यांना २०१८ पासून हिरवी पाटी आहे. हायब्रिडची पाटी इतर गाड्यांसारखी पांढरीच. ओळख म्हणजे मागच्या दारावरची छोटी अक्षरे, तीही धडकेत चेपलेली. इंजिनाचा आवाज नाही म्हणून गाडी बंद समजावी, तर ती ‘रेडी’ अवस्थेत असू शकते आणि अचानक पुढे सरकू शकते.

एअरबॅग उघडली की उच्च दाबाचा पुरवठा सहसा आपोआप तुटतो. पण बॅटरीच्या आतली वीज तिथेच राहते, आणि कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटे लागतात. वीज केंद्रात परमिट घेतल्याशिवाय, सर्किट वेगळे करून अर्थिंग केल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावत नाही. इतकीच शिस्त रस्त्यावर हवी आहे. गाडी बंद करून चावी लांब ठेवायची, १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, दहा मिनिटे थांबायचे. नारिंगी केबलला हात लावायचा नाही आणि तळाखाली हूक घालताना ती कुठून गेली आहे ते पाहायचे. मग गाडी चारही चाकांसह फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवायची. मागची बाजू उचलून नेणे भागच असेल, तर पुढच्या चाकांखाली डॉली, म्हणजे चाकांचा छोटा गाडा, पाहिजे.

पुढचा मुद्दा आपल्या पोलीस ठाण्यांच्या आवारांचा आहे, आणि मला तो सर्वांत काळजीचा वाटतो. २०११ मध्ये अमेरिकेत चाचणीसाठी धडकवलेली शेव्हरले व्होल्ट ही प्लग-इन हायब्रिड सुमारे तीन आठवड्यांनी, नुसती उभी असताना पेटली आणि शेजारच्या गाड्याही जळाल्या. त्यानंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेने अशा गाड्या इमारती व इतर वाहनांपासून ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर दूर ठेवायला सांगितले. आपल्याकडे जप्तीची वाहने दाराला दार लावून, वाळल्या गवतात उभी असतात. तिथेच ठेवलेली चेपलेली हायब्रिड पंचनामा झाला म्हणून सुरक्षित होत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी क्रेन ठरवल्या जातील तेव्हा करारात फ्लॅटबेड, डॉली आणि १००० व्होल्टपर्यंत चालणारे रबरी हातमोजे सक्तीचे करा. वायरलेसवर अपघात कळवताना गाडी हायब्रिड आहे का, हे विचारले जावे. वाहन क्रमांकावरून इंधनाचा प्रकार लगेच पाहता येतो. क्रेनवाले, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान यांना एकत्र बसवून शिकवायचे असेल, तर एकलहऱ्यात उच्च दाबाच्या विजेजवळ आयुष्य काढलेली माणसे आहेत. त्यांना बोलवा, ती येतील.

आपला,
एकलहरे येथील एक रहिवासी