‘सब्जेक्ट टू’ म्हणजे कोणता विषय?



गेल्या पौर्णिमेला तेरखेड्यात वंदना आटोपली आणि एका मुलीने माझ्या हातात कागद दिला. नर्सिंगच्या प्रवेशाचे पत्र. आईवडील दोघेही फटाक्याच्या कारखान्यात रोजंदारीने जाणारे. घरी पेढे वाटून झालेले. मुलीने विचारले, “काका, इथं ‘सब्जेक्ट टू व्हॅलिडिटी’ लिहिलंय. हा कुठला सब्जेक्ट? बारावीला तर नव्हता.”

पोरीचे चुकले नाही. नुसता ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय. शाळेतला किंवा अर्जाच्या डोक्यावरचा. पण त्याला ‘टू’ जोडला की अर्थ पालटतो. ‘या अटीवर’, ‘याच्या अधीन राहून’. म्हणजे प्रवेश दिला, पण जातवैधता प्रमाणपत्र दाखल केले तरच तो टिकेल.

हे दोन शब्द आपल्या घरात रोज येतात. चेक भरल्याची पावती ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’ असते. चेक वटला तरच पैसे जमा. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत ‘सब्जेक्ट टू मार्केट रिस्क’ असते. बाजार पडला तर मुद्दलही घटू शकते. दुकानाच्या बिलावर ‘सब्जेक्ट टू सोलापूर ज्युरिसडिक्शन’ छापतात. वाद झाला तर सोलापूरच्या कोर्टात, असे दुकानदाराचे म्हणणे. त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते.

प्रत्येक अट वाईटच असते असे नाही. संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते, आणि त्याची सुरुवातच ‘सब्जेक्ट टू’ने होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून हे स्वातंत्र्य आहे. धर्माच्या नावाखाली कोणी दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये, म्हणून ती अट.

आता कलम १७ काढून वाचा. अस्पृश्यता नष्ट केली, तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध. तिथे ‘सब्जेक्ट टू’ नाही. रूढीची सवलत नाही, गावकीची नाही, देवळाचीही नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या हातून गेलेल्या संविधानात अट कुठे घातली आणि कुठे घातली नाही, हे आपल्या मुलांना दाखवले पाहिजे.

त्या मुलीच्या वडिलांना मी एवढेच सांगितले : पेढे वाटले ते बरे केले, आता कागद गोळा करा. जात पडताळणी समितीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा शोधा. ते शाळेत गेलेच नसतील, तर जुन्या महसुली नोंदी काढा. चुलत्याला किंवा चुलत भावाला वैधता मिळाली असेल, तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली मिळाल्या. पण हक्क असूनही कागदावाचून मुलाची जागा जाते.

ज्या घरात अकरावीचे मूल आहे, त्या घराने अर्ज याच वर्षी करावा. आणि यापुढे इंग्रजी कागद हाती आला, की सही करण्याआधी त्यात हे दोन शब्द शोधावेत. त्यांच्यापुढे काय लिहिले आहे ते समजेपर्यंत पेन उघडू नये.

नमो बुद्धाय!