हिवाळ्यातील ऊन आणि कर्जाचा हप्ता

सौरऊर्जेचा विषय निघाला की डोळ्यांपुढे वैशाखातले रणरणते ऊन उभे राहते. वस्तुतः पॅनेलांना प्रकाश हवा असतो. उष्णता त्यांना बाधकच ठरते. सिलिकॉनच्या पॅनेलांची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानास मोजतात आणि त्यापुढे दर अंशामागे ती साधारणतः ०.४ टक्क्याने घटते. तेव्हा थंडीला सौर संयंत्राची वैरीण मानण्याचे कारण नाही. उपद्रव होतो तो थंडीसोबत येणाऱ्या धुक्याचा, दवाचा, हिमाचा आणि लांबलेल्या सावल्यांचा. त्यावरचा उपाय म्हणजे वेळच्या वेळी देखभाल. आणि नेमका हाच शब्द आपल्या कर्जप्रस्तावांत शोधूनही सापडत नाही, अशी माझी तक्रार आहे.

दिल्लीत आमच्या वसाहतीतील एका गृहस्थांनी मे महिन्यात गच्चीवर ३ किलोवॅटचे संयंत्र बसवले. बसवणाऱ्याने भर दुपारी जागा पाहिली, तेव्हा सावली कोठेच नव्हती. डिसेंबर उजाडला आणि दक्षिणेकडील पाण्याच्या टाकीची सावली दिवसाचे कित्येक तास पॅनेलांवर रेंगाळू लागली. यात आश्चर्य काहीच नाही. दिल्लीत २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास जेमतेम ३८ अंशांवर. ज्या १ मीटर उंच कठड्याची सावली जूनमध्ये वीतभरही पडत नाही, त्याचीच डिसेंबरात सव्वा मीटरहून लांब होते. शिवाय पॅनेले एकसर जोडलेली असतात. थोड्या भागावर सावली आली तरी त्या मानाने कितीतरी अधिक वीज बुडते.

धुक्यापुढे इलाज नाही. गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत सूर्यदर्शनच दुर्लभ होते, तेव्हा उत्पादन घटणार हे गृहीत धरावयास हवे. दवाचे मात्र तसे नाही. रात्रीच्या दवात भिजलेली धूळ दिवसा वाळून काचेवर लेपासारखी चिकटते. पावसाळा तर केव्हाच सरलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रात याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो आणि परिसरातील गच्च्यांवर काजळी उतरते. मऊ फडके, साधे पाणी आणि सकाळची वेळ एवढ्यावर हे काम भागते. बोअरचे क्षारयुक्त पाणी तेवढे टाळावे, त्याचे डाग काचेवर राहतात.

परंतु देखभालीची खरी कसोटी पाहावयाची तर लडाखकडे वळावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये हवा विरळ, आकाश निरभ्र आणि थंडी कडाक्याची. पॅनेलांना याहून अनुकूल स्थळ क्वचितच सापडेल. तथापि हीच थंडी हिशेब चुकलेल्या संयंत्राला क्षमा करीत नाही. उणे २० अंशांच्या सकाळी पॅनेलांचा विद्युतदाब नेहमीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढू शकतो. मैदानी प्रदेशाच्या हिशेबाने जोडलेल्या पॅनेलांची माळ अशा वेळी इन्व्हर्टरची मर्यादा ओलांडते. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भारित असेल तर थंडी सोसते, पण रिती झाली की आतील द्राव पाण्याच्या जवळ जातो, गोठतो आणि कवच तडकते. हिम झाडण्यासाठी लोखंडी फावडे वापरले, तर काचेवर ओरखडे येतात. घाईने गरम पाणी ओतले, तर काच तडकण्याचा धोका असतो. पॅनेले अधिक उभी बसवणे आणि त्यांची खालची कड जमिनीपासून पुरेशी उंच ठेवणे हे उपाय उभारणीच्या वेळीच करावे लागतात, कारण घसरलेले हिम त्या कडेशीच साचते.

श्रीनगर–लेह पारेषण वाहिनी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तरी वाहिनीपासून दूरच्या वस्त्यांत अशी संयंत्रेच दिवा लावतात. हिमवृष्टीने जोजिला बंद झाली की मैदानातला तंत्रज्ञ पोहोचत नाही. गावातल्याच एखाद्या माणसाला बॅटरी तपासता येणे हा तेथे संयंत्राचाच भाग मानला पाहिजे.

आता आपल्या घराकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ३ किलोवॅटच्या संयंत्राला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते आणि उर्वरित रकमेसाठी ग्राहक आपल्या शाखेत येतो. आपण वार्षिक सरासरी उत्पादन पाहतो, त्याला बाराने भागतो आणि हप्ता ठरवतो. जानेवारीत वीज निम्मी आली तरी हप्ता निम्मा होत नाही! ‘हे अभियंत्यांचे काम, बँकेचे नव्हे,’ असे काही सहकारी म्हणतात. ट्रॅक्टरसाठी कर्ज देताना आपण नांगरट शिकवत नाही हे खरे. पण विमा उतरवला की नाही, हे विचारतोच. तसेच डिसेंबरातील सावली कोणी पाहिली, काच कोण पुसणार आणि पुरवठादाराच्या पाच वर्षांच्या देखभालीचा कागद ग्राहकाच्या हाती आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. इन्व्हर्टर पॅनेलांइतका टिकत नाही, तेव्हा तो बदलण्याची तजवीजही त्याच बैठकीत बोलून घ्यावी.

आमच्या वसाहतीतील त्या गृहस्थांनी अखेर सगळा सांगाडा गच्चीच्या उत्तर टोकाला हलवून घेतला. हा खर्च अंदाजपत्रकात कोठेच नव्हता. तो त्यांनी एक मुदत ठेव मोडून भागवला.